मु. सेल्वम

तंजावूर, शुक्रवार, संध्याकाळ

टाळ्या वाजवून तळहात अजून चुरचुरतायत. आठवीच्या पोरांचा निरोप झाला.

सेल्वम फादर लोकांच्या या मोफत शाळेत सहावीत आला, तेव्हा त्याच्या नावापुढे इनिशियल नव्हतं. इथे बापाच्या नावाचं पहिलं अक्षर लावतात, आणि बाप घर सोडून गेलेला. ती जागा तीन वर्षं मोकळीच. गेल्या आठवड्यात दाखल्याच्या अर्जावर त्यानं स्वतःच तिथे 'मु' लिहिलं. क्लार्क कुरकुरला, मी अडून बसले. पण त्याच्या आईला आधी विचारायला हवं होतं का? दिवसभर तेच मला खात होतं.

फादरनी दाखले देताना वाचलं, "मु. सेल्वम."

त्याची आई मुत्तुलक्ष्मी माझ्या शेजारीच होती. भातगिरणीतून थेट आलेली, पदरावर तूस. तिनं हळूच विचारलं, "हा मु कोण, टीचर?"

"तुम्हीच की."

ती चिडली, असंच मला वाटलं. मग तिनं पदरावरचं तूस झटकलं आणि म्हणाली, "फादरना परत वाचायला सांगा."

फादरनी परत वाचलं. या वेळी पोराच्या आधी तीच उभी राहिली.