उणे नऊ हजार नऊशे नव्याण्णव

मु. पो. मेहकर, जि. बुलडाणा

चि. हिमानीस,

बाबांचे पोटभर आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे, तुझ्या आईची तब्येत उत्तम, तू आपल्या प्रकृतीस जपावे. (शुद्ध भाषा येथवरच. पुढं मले दम लागते.) पत्र कागदावर लिहून त्याचा फोटो मोबाईलवर पाठवून राह्यलो, कारण तुझा उत्तर ध्रुवाकडचा पत्ता वाचून पोस्टातल्या बाई म्हणाल्या, काका, आधी बसा, पाणी घ्या.

तू फोनवर सांगितलं होतं, की बर्फावर मोजलेला तुमचा सगळा डेटा आता जगाले खुला केला, कोणीही पाहावा, कोणीही वापरावा. मी म्हटलं, 'कोणीही'त बाप येते की नाही? म्हणून तुझी लिंक घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो. सोबत शेजारचा शेषराव. (मी बोलावलं नव्हतं, पण त्याले कधी बोलवा लागते?) फुकट वाटता हे ऐकून तो आधीच तापला होता. एवढ्या थंडीत पोरीनं जीव काढून मोजायचं आन् जगानं आयतं खायचं, हा कुठला न्याय, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, अरे, शेगावले महाप्रसाद काय गाव विचारून वाढतेत का? तेव्हा कुठं गप्प झाला. मंग पडद्यावर तुझे रकाने उघडले. प्रत्येक पानाखाली मोजणाऱ्याचं नाव, म्हणजे तुझं, आन् मधात माझं. खोटं काऊन बोलू, माझा चष्मा धुरकटला.

चष्मा पुसून पाहतो तं काय, तापमानाच्या रकान्यात उणे चौदा, उणे सतरा, आन् एकदम उणे नऊ हजार नऊशे नव्याण्णव! एकदा नाही, पार पान भरून. शेषराव वरडला, "भाऊ, अशा थंडीत तं चुलीतला इस्तूबी गोठन!" मी जन्मभर तहसिलीत कारकुनी केली, आकड्यावर शंका घ्यायचीच सवय, पण पोटच्या पोरीच्या आकड्यावर कशी घेऊ? घरी येऊन तुझ्या आईले सांगितलं. (चूक झाली.) ती घाबरली की बोलत नाही, हे तुले माहीतच आहे. माझी कानटोपी, तुझा जुना स्वेटर आन् अंगावरची शाल पिशवीत कोंबली आन् तरातरा जाऊन शेगावच्या एसटीत बसली. मी मागं मागं. दर्शनाच्या रांगेतच तुझा फोन आला, आन् आमचं ऐकून तू जे हसत सुटली! तुझ्या आईनं एवढंच विचारलं, मोजे घातले का.

मंग तू समजावलं. कोल्ह्यानं यंत्राची वायर कुरतडली होती, ते दिवस मोजलेच गेले नाहीत, आन् जिथं मोजलं नाही तिथं हा आकडा लिहायचा. जागा रिकामी सोडायची नाही. शून्य तं मुळीच लिहायचं नाही, कारण शून्य म्हणजे मोजलं आन् शून्यच निघालं. पटलं मले. शेषराव म्हणे, तिथंबी कोल्हे आहेत, म्हणजे मुलूख राह्यण्यासारखा आहे.

आता तुझा प्रश्न. सायबानं अजून एक हिवाळा थांबते का म्हणून विचारलं, आन् तू आमचं मत मागितलं. राह्य, बिनधास्त राह्य! तिथलं काम मोठं, आमचं इथं काय अडून राह्यलं? आई मजेत आहे. कालच तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

तुझा बाप,
नीळकंठ

ता. क. कानटोपी महाराजांपुढं ठेवून परत आणली आहे. पोस्टातल्या बाईंनी पाणी दिलंच आहे तं आता पार्सलही घेतील.

दुसरा ता. क. वर 'आई मजेत' लिहिलं, ते मी अंदाजानं भरलं. तुमच्यात हे चालत नाही, म्हणून दुरुस्ती करतो. पोरीनं अजून एक हिवाळा राहावं का, हे मी तिले विचारलं होतं. ती काही बोलली नाही. नुसती सोलत राह्यली, आन् दाणे टरफलात टाकत गेली. ते शून्य नाही, माय. तिथं उणे नऊ हजार नऊशे नव्याण्णव लिहून घे, आन् सायबाले हो म्हणायच्या आधी एकदा घरी येऊन स्वतः मोजून जाय.