केसभर वाकवलेल्या काठ्या

दादा,

पहाटे मैदानावर धुकं असतं. मारलेला चेंडू त्यात विरघळतो आणि पडल्याचं ऐकूच येत नाही. वाटतं, पलीकडे तू उभा आहेस.

तुझ्या शेवटच्या सामन्यात सगळे फटके डावीकडे तळ्यात गेले. "माझा हातच गेला रे," म्हणालास, आणि गोल्फच्या काठ्या मला देऊन टाकल्यास.

सामन्याच्या आदल्या दिवशी, तुला न सांगता, मी त्या काठ्या शिकंज्यात धरून केसभर वाकवल्या होत्या. उजवीकडे जाणारे तुझे फटके सरळ व्हावेत म्हणून.

वहिनी मागे एकदा फोनवर म्हणाल्या, "भावजी, हे अजून छत्रीनं फटके मारतात. दोन कुंड्या फुटल्या."

खरं कळलं तर तू पुन्हा खेळशील. माझ्याशी मात्र बोलणार नाहीस. म्हणून हे पत्र महिनाभर काठ्यांच्या पिशवीतून माझ्याबरोबर मैदानभर हिंडतंय.

तुझाच,
धाकटा