त्याला सांग

३ मार्च

बाबा गेले. हॉस्पिटलात, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी. वेळ मुद्दाम लिहितेय. ते असते तर पहिलं हेच विचारलं असतं — "किती वाजता?"

४ मार्च

घर माणसांनी भरलंय. जो येतो तो नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवतो. तो नुसतं "हो, हो" म्हणतो. डोळे कोरडे ठक्क. मी सून, तोंडात टॉवेल कोंबून स्वयंपाकघरात रडून घेते. आधी मुलाने रडायचं ना! तो रडतच नाही.

६ मार्च

रिटायर होऊन आठ वर्षं झाली, पण बाबांच्या अंगातला पोलीस काही गेला नव्हता. दूध आलं की कॅलेंडरवर नोंद — "दूध हजर, ६.१०." शेजारचं मांजर म्हणजे "संशयित". पातेल्यावर झाकण ठेवत मला सांगायचे, "संशयित आवारात दिसलाय. सतर्क राहा!"

आणि हेच बाबा चिमणीची, माझ्या आठ वर्षांच्या लेकीची, वेणी घालायचे. आज मी घातली. म्हणाली, "सैल झाली. आजोबांची शाळा सुटेपर्यंत हलायची नाही." मग दोघी फणी घेऊन तशाच बसून राहिलो. शाळा बुडाली.

७ मार्च

अकरा वर्षं बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. एका घरात! एका टेबलावर! सासूबाई आधीच गेलेल्या, त्यामुळे सगळे निरोप माझ्यामार्फत. "त्याला सांग, ब्रेक दाखवून घे." "त्यांना सांग, गोळ्या मी आणतो." मधे हातभर अंतर, आणि त्यात मी. कधी मी पदरचंही घालायचे. बाबा नुसतं "जेवला का तो?" म्हणाले, तर मी जाऊन सांगायचे, "तुझी वाट बघत होते."

कारण जुनं. आमचं लग्न दीड महिन्यावर आलं होतं. त्याच्या स्कूटरने एका म्हाताऱ्या शिंप्याला उडवलं. तो घरी येऊन म्हणाला, "बाबा, माझ्या हातून झालं." बाबा तेव्हा ठाण्याचे साहेब. जेवत होते. ताट सारलं, बूट घातले आणि पोटच्या पोराला हाताला धरून ठाण्यात घेऊन गेले. एक रात्र कोठडी, मग चार वर्षं कोर्टाच्या तारखा. परदेशातली नोकरी हातची गेली. त्यानंतर त्याने त्यांना "बाबा" म्हणून हाक मारली नाही.

शिंपी वाचला, पण लंगडतो. पुढे बाबांनी आपले सगळे कपडे त्याच्याकडेच शिवले. ढगळ झाले तरी हूं की चूं नाही.

९ मार्च

बाबांचा जुना ड्रायव्हर आला होता. त्या दिवशी तो ठाण्यातच होता. म्हणाला, "ताई, कागद लिहिणारा हवालदार 'वडिलांचं नाव' या रकान्यापाशी अडला. त्याला धीरच होईना. साहेबांनी पेन घेतलं, स्वतःचं नाव लिहिलं. मग जीपमध्ये येऊन बसले. म्हटलं, कुठं घेऊ साहेब? तर म्हणाले, कुठंच नको. नुसती चालू ठेव. आवाज होऊ दे."

आवाज कशाला, हे त्याने सांगितलं नाही. सांगायला हवं होतं थोडंच!

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. चपला घालून बाहेर निघून गेला.

१० मार्च

दोन तारखेला संध्याकाळी बाबांनी माझं मनगट धरलं. धाप लागत होती. "त्याला सांग — मी चुकलो नव्हतो. पण ठाण्याच्या पायरीवर त्याने माझा हात घट्ट धरला होता. तो मी सोडवून घेतला. तेवढं करायला नको होतं."

नवरा खाली औषधं आणायला गेला होता. वर आला. मी गप्प! उद्या सांगू म्हटलं. उद्या बाबाच नव्हते.

अकरा वर्षांत एकही निरोप अडवला नाही. हाच अडवला. का ते मला माहीत आहे.

११ मार्च

नाही जमलं.

१३ मार्च

सांगितलं. चिमणी शाळेत होती. तो बाबांचे बूट कागदात गुंडाळत होता. शब्दाला शब्द सांगितलं, पदरचं काही नाही. त्याचे हात थांबले.

"खरंच असं म्हणाले?"

"शपथ."

"खरंच असणार. तू बनवलं असतंस, तर 'माझं चुकलं' म्हणाले, असं सांगितलं असतंस."

म्हणजे मी पदरचं घालायचे, ते त्याला सगळं माहीत होतं! हसला — आणि हसता हसता फुटला. बूट छातीशी धरून "बाबा, बाबा" करत राहिला. मधे मी नाही, थेट हाक. आणि ऐकायला ते नाहीत.

बऱ्याच वेळाने म्हणाला, "नव्हतेच चुकले गं. त्यांना जेवढं माहीत होतं, तेवढ्यात बरोबरच होते." माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता, तर बरं झालं असतं.

१४ मार्च

या वहीतसुद्धा आजवर लिहिलं नाही. स्कूटर मी चालवत होते. माझ्याकडे लायसन्स नव्हतं, आणि चार दिवसांनी मला नोकरीवर रुजू व्हायचं होतं. तो म्हणाला, "माझं नाव सांगू. बाबा सांभाळून घेतील."

अकरा वर्षं मी बाबांना दोन्ही वेळा जेवायला वाढलं. आणि हे सांगितलं नाही.