चिंधीचं वांगं

माय,

आज पाचवा दिवस. ओल्या फडक्यात बांधलेलं वांग्याचं बी कमरेला खोचून मी कामावर जाते आणि तसंच घेऊन परत येते. लोहारा गावातल्या या दोन खोल्यांत चूल नाही, म्हणून अंगाची ऊब. बी तुझ्या वांग्याचं आहे. तुझ्याकडून रोपं घेऊन पांढरकवड्याकडे सासरी गेलेली आपली शेजारीण मागच्या आठवड्यात बसस्टँडवर भेटली. ओळखू येत नव्हती, इतकी थकली आहे. पिशवीतून पुडी काढून म्हणाली, "माह्याच्यानं आता वावर होत नाही. हे शेवटचं हाय, तीन सालाचं जुनं. आलं त आलं." हे उगवलं नाही तर तुझं वांगं संपलं. तुला जाऊनही आता वीस वर्षं होतील.

अंगणाचा तो कोपरा मला अजून दिसतो. फुटक्या घमेल्यांत नि कापलेल्या तेलाच्या डब्यांत माती, राख, शेणखत कालवून तू रोपं करतेस. बाया टोपल्या घेऊन येतात. "तुह्या हातचं रोप मरत नाही वं," म्हणतात, आणि तू ऐकलंच नाही असं दाखवतेस. मी सात-आठ वर्षांची, मोड आले का ते बघायला फडक्याची गाठ सोडते. मनगटावर चापट बसते. "घडीघडी काय सोडून पाह्यतं? कोंबडी अंड्यावरून उठून पाह्यते काय?"

दरवर्षी सगळ्यात देखणं वांगं तू बियाण्यासाठी राखायचीस, देठाला लाल चिंधी बांधून. त्याला घरात कोणी हात लावत नसे. त्या वर्षी तू तापानं खाटेवर होतीस आणि मला पाहायला उमरखेडचे पाहुणे येणार होते. "भरीत कर, पण चिंधीचं सोडून," तू पडल्या पडल्या बजावलंस. वावरात गेले तर बाकीची सगळी बोटभर. मी गाठ सोडली. वांगं तुराट्यांवर भाजलं, आणि चिंधी बाजारातून रोप आणून बांधावर लावलेल्या झाडाच्या वांग्याला बांधून टाकली. दिसायला तेही हिरवंच होतं. पाहुण्यांनी दोनदा भरीत मागून घेतलं, बोटं चाटली, आणि आठ दिवसांनी नाही म्हणून कळवलं. जाऊ दे, मेले.

महिन्याभरानं तू उठलीस, पण वावरापर्यंत चालवत नव्हतं. "चिंधी पाहून तोडून आण," म्हणालीस. मी ते पिवळं पडलेलं वांगं आणून तुझ्यापुढे ठेवलं. त्याचं बी तू राखेत घोळून जपलंस, आणि पुढच्या साली त्याचीच रोपं गावभर गेली. वांगी आली ती कडू, नुसती बियांची. बाया भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. एकीनं एवढंच विचारलं, "औंदा काहून असं झालं वं?" तू दोन्ही तळहात उलटेपालटे करून पाहिलेस. "माह्या हाताचा गुण गेला," म्हणालीस आणि घमेली पालथी घातलीस. मरेपर्यंत एक रोप केलं नाहीस. आधीच तुझी रोपं घेऊन सासरी गेलेल्या शेजारणीकडून बी मागवू या, असं मी एकदा सुचवलं. "ह्या हातानं चांगलं बी कायले नासवू?" मी समोर बसून तूर निवडत होते. एक वाक्य बोलायचं होतं. आधी भीती वाटली, मग लाज वाटली, मग तू गेलीस. लाज अजून वाटते.

मघाशी येऊन फडकं सोडलं. खरं तर रोजच सोडत होते, तुझं तेही ऐकलं नाही. सात बियांना पांढरा मोड आला आहे. दह्याच्या रिकाम्या डब्यांना खालून भोकं पाडून, राख-शेणखत कालवून त्यात लावल्या. थोडं बी कोरडंच राखलं होतं, ते या पत्राच्याच कागदात बांधून ठेवीन. कागद दुसरीकडे कुठं जायचा नाहीच. शेजारच्या खोलीतली बाई दारातून डोकावली. "मलेही एक रोप देजा. हाताले गुण दिसते तुमच्या."

"माह्या मायचा हाय," मी म्हणाले. पुढचं तिला सांगितलं नाही. तुझ्या हाताला काही झालं नव्हतं, माय. चिंधी मी हलवली होती.