गाडी आली की पोतं देणार

२६ डिसेंबर, सकाळी ७
ठरलं. ह्यांचं पोतं उद्या घंटागाडीत. माणूस जाऊन तीन वर्षं झाली, पोतं अजून पलंगाखाली. जुने पेपर, एक स्वेटर, मफलर, दांडी तुटलेला चष्मा. कचराच. लेक करुणा चार तारखेला लेकराला घेऊन येते आहे, जागा लागेल. मन अगदी पक्कं आहे.

२७ डिसेंबर
पोतं उंबऱ्यात घेऊन बसले. गाडी नाही. रस्त्यावर धुकं, त्यात थंडीनं बॅटरी बसली म्हणे. ड्रायव्हर हरिचंदला फोन करून चांगलं सुनावलं. माझी पूर्ण तयारी होती, हे लिहून ठेवते.
पोतं आत घेतलं. दवानं जड झालं तर हरिचंदलाच तकलीफ.

२८ डिसेंबर
धुकं. गाडी नाही. पुन्हा फोन केला. गल्लीत कचऱ्याचे ढीग आणि त्याच ढिगांची शेकोटी. स्वच्छतेची ही नवी योजना बरी आहे, डिझेल लागत नाही.
शेजारची नानीबाई म्हणाली, चांगुणाबाई, गाडीची वाट काहून बघून राहिल्या, पोत्यातले पेपर द्या, लेकरं शेकतील. मी म्हणाले, कागद जाळला की प्रदूषण होतं. तर म्हणे, मग काल हात कशावर शेकले तुमी?
तिच्याशी कोण वाद घालणार.

३० डिसेंबर
गाडी नाही. पेपर तारखेप्रमाणे लावले. कचऱ्याला तारीख लागत नाही, पण काम करायचं तर बराबर करायचं.
हे कामाला गेले की ह्याच पेपरांवर मी एकटीच वाचायला शिकले. आधी हळदीचे भाव, मग मथळे, मग निधनवार्ता. संध्याकाळी हे विचारायचे, आज काय छापून आलं मॅडम?
एका पेपरवर त्यांच्या कपाचा गोल डाग आहे. तो बाजूला ठेवला. डागाळलेला कागद घेत नसतील.

१ जानेवारी
नवीन वर्षाचा संकल्प: गाडी आली की एका मिनिटात देणार. आज गारठा फार. स्वेटर घातला, तात्पुरता. अंगातून काढायला कितीसा वेळ लागतो.

२ जानेवारी
फोनवर करुणाला सांगितलं, सगळा दोष धुक्याचा. ती म्हणाली, आई, धुकं आठवड्याचं आहे, पोतं तीन वर्षांचं. शिकवलं की पोरी अशा बोलतात.
दांडीला दोरा बांधला. चष्म्यातून चक्क दिसतं.

३ जानेवारी, सकाळी ६.४०
धुकं नाही. गाडी वेळेच्या आधीच वाजत आली. आजच कसली घाई होती कोण जाणे.
हरिचंद दारात थांबला. म्हणाला, मावशी, आठ दिवस रोज फोन करून राहिल्या, आता द्या काय ते. मी बादली दिली. कांद्याची साल, चहाचा चोथा. आन् सुका, त्यानं विचारलं. म्हणाले, सुक्यात काही न्हाई.
त्यानं माझ्याकडे पाहिलं. बोटांवर आलेल्या स्वेटरच्या बाह्या, कानाला मफलर, दोरा बांधलेला चष्मा. नानीबाई समोरून बघतच होती. हरिचंद म्हणाला, बरं मावशी, थंडी हाय, आत बसा.
गाडी गेली.
पेपर कपाटात नीट बसले. उद्या करुणा येईल तेव्हा पलंगाखाली जागाच जागा.
पोतं रिकामं होतं. तेही दिलं नाही.