पाठीला भोपळा, कमरेला शिसे

मालदीव, शनिवार

तीर्थरूप आईस,
गोरखचा किनाऱ्यावरूनच साष्टांग नमस्कार. वाळू अजून अंगावर आहे.

"इहिरीत पवलास म्हंजी समिंद्रात पवशील व्हय?" असे ओरडून तू फोन ठेवलास, म्हणून लिहितो. शेजारच्या पप्पूकडून वाचून घे. मी आणि मंगल दोघेही पाण्याखाली जाऊन सुखरूप वर आलो.

आपल्या मार्गासनी गावच्या विहिरीत बुडू नये म्हणून तू माझ्या पाठीला भोपळा बांधायचीस. इथे तरंगू नये म्हणून कमरेला शिसे बांधतात. स्कूबा शिकवणारा म्हणाला, "उतरा." मी सवयीने गुडघे छातीशी घेऊन मुटका मारला. त्याचा पाण्यातला चष्मा अजून सापडलेला नाही.

आता सहल दोन दिवसांत का ठरली, ते सांगतो. मंगलच्या छातीत गाठ होती. तुला कळवले असते, तर तू मेंगाईदेवीपुढे उपाशी बसली असतीस. सोमवारी डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे. दवाखान्याच्या पायरीवरच तुझी सून म्हणाली, "मला समुद्रातले मासे बघायचेत. आत्ता." मी पंचांगही न उघडता तिकिटे काढली.

इतके दिवस मंगलला विचारले की "मी ठीक आहे" म्हणायची आणि चहात मीठ घालायची. मी तो मुकाट्याने प्यायचो.

पाण्याखाली बोलता येत नाही. ठीक असल्यास अंगठा-तर्जनी जुळवून दाखवतात, आपली ज्ञानमुद्राच. निळ्या माशांच्या घोळक्यात मी खुणेने विचारले. तिने मुद्रा केली, आणि या खेपेला मला ती खरी वाटली.

तुझा गुडघा कसा आहे? आता पोटभर जेव.

तुझ्या भोपळ्याचा ऋणी,
गोरख