पंपघराच्या भिंतीवरची जागा

दादा, गावाचा मैला उपसणारं तुमचं पंपघर आता वारसा वास्तूंच्या यादीत गेलंय. ज्या रस्त्यानं जाताना अख्खं नांदेड नाकाला रुमाल लावायचं, तिथं आता पोरंसोरं फोटो काढायला येतात. दगडी भिंती घासूनपुसून ठेवल्यात, तुमच्या पंपाला काळाकुळकुळीत रंग दिलाय. वास म्हणून कुठं नाही. मला तर ते सगळं खोटंच वाटलं.

कचेरीतल्या एका साहेबांचा मला लातूरला फोन आला होता. जुन्या कामगारांचे फोटो पंपघराच्या भिंतीवर लावायचेत, तुमच्या वडिलांचा द्या म्हणाले. आपल्याकडे तुमचा धड असा एकच फोटो, खंडेनवमीचा. पंपाला झेंडूचा हार आणि शेजारी पांढऱ्या सदऱ्यात तुम्ही. त्या दिवशी तुम्ही पंपापुढं नारळ फोडायचात आणि आई खोबरं घेऊन गल्लीत वाटायला निघायची. समोरच्या काकू दारातूनच सांगायच्या, "ठेवा तिथं पायरीवर." संध्याकाळी ते तुकडे तिथंच मुंग्यांनी भरलेले दिसायचे. आई रडत बसायची. तुम्ही उरलेलं खोबरं मीठ-मिरची लावून आमच्यापुढं सरकवायचात.

"न्हाई घेत तर न्हाई. मिशिनीचा परसाद हाय, आपुन खाऊ."

मुखेडचं रान सोडून घाण उपसायला गेला म्हणून भावकीनं तोंड फिरवलं, तेव्हाही तुम्ही असेच गप्प. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो, दादा. एकदा तरी एखादी शिवी हासडायची होती.

उद्घाटनाला मी फोटो पिशवीत घालून गेले. काकूही आल्या होत्या, आता पार वाकल्यात. साहेबांना सांगत होत्या, "आमच्याच गल्लीतले की ते. लई आवडीनं खायचो आमी त्यांच्या हातचा परसाद." साहेब मान डोलावत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोंडातून शब्द फुटला नाही. शेवटी तुमचीच लेक. साहेबांनी फोटो मागितला तेव्हा मी घरी विसरला म्हणाले आणि मिळेल ती एसटी धरली. या लोकांना मिरवायला मी तुम्हाला देणार नाही, असं वाटभर मनाशी घोकत होते.

अजूनही मला तसंच वाटतं. पण परवा कुणाला न सांगता मी पुन्हा नांदेडला जाऊन आले. भिंतीवर तुमची जागा रिकामी ठेवलीय का, एवढंच बघायचं होतं. तिथं दुसऱ्याच कुणाचा तरी फोटो लावलाय, दादा. मी त्या परक्या माणसापुढं उभी राहून रडले.